वाचकांचे प्रश्न : सिग्नल गेला, पण परतला कुठून?

गेल्या अंकात सर्किट बोर्डाच्या आखणीविषयी प्रश्न मागवले होते. आलेली बहुतेक पत्रे ‘बोर्ड चालतो, पण मधूनच बिघडतो’ या एकाच तक्रारीची निरनिराळी रूपे आहेत. त्यामुळे सिग्नलचे प्रश्न एका बाजूला आणि वीजपुरवठ्याचे दुसऱ्या बाजूला असे कप्पे न करता ते एकात एक जसे गुंततात तसेच येथे घेतले आहेत. जागेअभावी काही पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. प्रकल्पासाठी दोन थरांचा बोर्ड केला असून मायक्रोकंट्रोलरपासून डिस्प्लेपर्यंत एसपीआयचे (चिपांमधल्या संवादाच्या जोडणीचे) ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या रेघा, साधारण १४ सेंटिमीटर लांब गेले आहेत. क्लॉक केवळ ८ मेगाहर्ट्झ आहे, तरी डिस्प्लेवर मधूनच कचरा उमटतो. एवढ्या कमी फ्रिक्वेन्सीला ट्रॅकची लांबी बघण्याचे कारण नाही, असे आमचे सर म्हणतात. क्लॉक १ मेगाहर्ट्झवर आणला तरी दोष तसाच राहतो, याचे मात्र त्यांनाही कोडे पडले आहे.
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. सिग्नल सेकंदाला किती वेळा बदलतो हे क्लॉकवरून कळते. तो प्रत्येक वेळी किती झपाट्याने बदलतो हे मात्र चिपची पिन ठरवते आणि बोर्डाला त्रास होतो तो या झपाट्याचा. आजच्या मायक्रोकंट्रोलरची पिन शून्यावरून ३.३ व्होल्टवर २ नॅनोसेकंदांत सहज चढते. क्लॉक ८ मेगाहर्ट्झ असो की १ मेगाहर्ट्झ, ही चढण तेवढीच खडी राहते, आणि म्हणूनच क्लॉक कमी करून तुम्हाला काही गुण आला नाही.

एफआर-४ या नेहमीच्या बोर्डावर सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो, म्हणजे २ नॅनोसेकंदांची चढण ३० सेंटिमीटर लांबीवर पसरलेली असते. ट्रॅकची लांबी या पसाऱ्याच्या सहाव्या भागाहून, म्हणजे तुमच्या बाबतीत ५ सेंटिमीटरांहून, अधिक झाली की ट्रॅक ही नुसती तार राहत नाही, त्यावरून लाट धावते, असे धरून चालण्याची पद्धत आहे. तुमचा ट्रॅक याच्या जवळजवळ तिप्पट आहे. लाट डिस्प्लेच्या पिनपाशी पोहोचते, पण ती पिन प्रवाह जवळपास घेतच नाही, त्यामुळे हौदाच्या भिंतीवर आपटलेल्या पाण्यासारखी लाट तिथे उसळते आणि मागे फिरते. निघाल्या ठिकाणी पुन्हा आपटते आणि या वेळी उलटी होऊन परत येते. असे दोन-चार फेरे होईपर्यंत डिस्प्लेच्या पिनवरचे व्होल्टेज वर-खाली हेलकावत राहते. त्यातला एखादा हेलकावा नेमका शून्य-एकच्या सीमेपर्यंत खाली उतरला, की चिप क्लॉकची एकच कड, म्हणजे एकच बदल, दोनदा मोजते, एक बिट जास्तीचा धरला जातो आणि पुढचा सगळा मजकूर एका घराने सरकतो. तुमचा ‘कचरा’ बहुधा हाच असावा.

उपाय करताना आधी फुकटचा करून पाहावा. एसटीएम३२सारख्या अनेक मायक्रोकंट्रोलरमध्ये पिनचा वेग सॉफ्टवेअरमधून निवडता येतो, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तो सवयीने सर्वांत वरच्या पायरीवर ठेवलेला मी नेहमी पाहतो. तो सर्वांत खालच्या पायरीवर आणा. तेवढ्याने भागले नाही तर क्लॉकच्या ट्रॅकमध्ये, मायक्रोकंट्रोलरच्या अगदी पिनजवळ, एक रेझिस्टर घाला. पिनचा स्वतःचा रोध आणि हा रेझिस्टर यांची बेरीज ट्रॅकच्या इम्पिडन्सइतकी, म्हणजे धावत्या लाटेला तो दाखवतो त्या रोधाइतकी, झाली, की परतलेली लाट तिथेच शोषली जाते. येथे एक सावधगिरी बाळगावी. सगळीकडे ३३ ओहम लिहिलेले आढळेल, पण तो आकडा ५० ओहमच्या ट्रॅकसाठी आहे. १.६ मिलिमीटर जाडीच्या दोन थरांच्या बोर्डावर ५० ओहम मिळवायचे तर ट्रॅक तब्बल ३ मिलिमीटर रुंद लागतो. तुमच्यासारखा पाव मिलिमीटरचा ट्रॅक खाली अखंड ग्राउंड (शून्य व्होल्टचे तांबे) असले तरी १३० ओहमच्या आसपास जातो. तेव्हा ३३ लावून ‘फरक पडला नाही’ असे म्हणण्याआधी ६८ आणि १०० लावून पाहा.

सरांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी ज्या सीडी४००० मालिकेच्या चिपा हाताळल्या असतील, त्यांना ५ व्होल्टवर चढायला १०० नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ लागत असे. वरचाच हिशेब लावला तर तिथे अडीच मीटरपर्यंतची तार बिनघोर चालते. त्यांचा नियम त्या चिपांपुरता चुकीचा नव्हता.

प्रश्न : आमचा छोटा उद्योग औद्योगिक मोजमापाची उपकरणे बनवतो. चार थरांच्या बोर्डावर आम्ही अॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड वेगळे ठेवून पुरवठ्याजवळ एका बिंदूत जोडले आहेत. तरीही रेडिएशनच्या (उपकरणातून बाहेर पडणाऱ्या रेडिओ लहरींच्या) चाचणीत उपकरण १४४ मेगाहर्ट्झवर नापास झाले, आणि अॅनालॉग वाचनाचे शेवटचे तीन-चार बिटही स्थिर राहत नाहीत. ग्राउंड आणखी काटेकोरपणे वेगळे करावे काय?
— एक उद्योजिका, चिंचवड

उत्तर : नाही. ते जोडावे.

आपण आराखडा सोबत पाठवला हे फार बरे केले. त्यात दोन्ही ग्राउंडमधली फट सुमारे ६० मिलिमीटर लांब आहे आणि मायक्रोकंट्रोलरकडून एडीसीकडे (अॅनालॉग सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या चिपकडे) जाणारे अकरा ट्रॅक ती फट आडवी ओलांडून जातात. दोष या ओलांडण्यात आहे. सर्किट काढताना आपण सिग्नलची एकच रेघ ओढतो आणि ग्राउंडचे चिन्ह टोकाला टांगून मोकळे होतो, त्यामुळे प्रवाहाला परतही यायचे असते हे डोळ्यांआड होते. प्रवाह कमी फ्रिक्वेन्सीला सर्वांत कमी रोधाच्या वाटेने परततो, म्हणजे ग्राउंडभर ऐसपैस पसरतो. काही शे किलोहर्ट्झच्या पुढे गेले की तो सर्वांत कमी इंडक्टन्सची, म्हणजे प्रवाहाच्या बदलाला सर्वांत कमी विरोध करणारी, वाट धरतो, आणि ती वाट ट्रॅकच्या नेमकी खाली, जणू त्याच्या सावलीतून जाते. ट्रॅक ग्राउंडपासून जितक्या उंचीवर असेल त्याच्या तिप्पट अंतर डावीकडे आणि तेवढेच उजवीकडे धरले, तर परतीचा जवळजवळ ८० टक्के प्रवाह त्या पट्ट्यात सामावतो. आपल्या बोर्डात ही उंची ०.२ मिलिमीटर आहे, म्हणजे पट्टा जेमतेम सव्वा मिलिमीटर रुंद. एवढ्या अरुंद पट्ट्यातून येणारा प्रवाह दहा मिलिमीटर अंतरावरच्या अॅनालॉग भागात आपणहून फिरकत नाही. त्याला तिकडे ढकलते ती आपली फट. सावलीतली वाट तुटल्यामुळे तो फटीला वळसा घालून पुरवठ्याजवळच्या त्या एकुलत्या एक जोडावरून येतो, वाटेत अॅनालॉग ग्राउंड हलवतो, आणि जाता-येता जी मोठी कडी तयार होते ती उत्तम अँटेना ठरते. आपला क्लॉक ४८ मेगाहर्ट्झचा आहे. १४४ ही त्याची तिप्पट.

हे मी केवळ तत्त्व म्हणून सांगत नाही. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी स्वतः अशीच फट मोठ्या अभिमानाने काढली होती, आणि चाचणीच्या आदल्या रात्री तांब्याची पट्टी कापून, खालचा हिरवा लेप ब्लेडने खरवडून, ती फट जागोजाग डागून बुजवली होती. सकाळी उपकरण पास झाले. वरिष्ठांनी विचारले, काय बदलले? आराखड्यातली ‘काळजी’ काढून टाकली, एवढेच मी सांगू शकलो.

तेव्हा ग्राउंड अखंड ठेवा आणि वेगळेपणा जागेत पाळा : अॅनालॉगचे भाग एका कोपऱ्यात, डिजिटलचे दुसऱ्या, एडीसी दोहोंच्या वेशीवर, आणि कुठलाही डिजिटल ट्रॅक वेस ओलांडून अॅनालॉगच्या आवारात शिरणार नाही असा दंडक. मोटर किंवा रिलेचा अँपिअरमधला प्रवाह असेल तर त्याचे परतणे मात्र कनेक्टरची जागा निवडून बाजूने न्यावे, कारण तो मंद असतो, सावली पाळत नाही आणि ग्राउंडभर पसरतो. मेन्सपासून विलग केलेला भाग असेल तर तिथे फट हवीच. ती सुरक्षिततेसाठी आहे आणि तिच्यावरून ट्रॅक न्यायचाच नसतो.

दुसरा मुद्दा थरांचा. वरचा ट्रॅक व्हायामधून, म्हणजे थर जोडणाऱ्या तांबेमढ्या छिद्रातून, खालच्या थरावर उतरतो तेव्हा त्याची सावलीही दुसऱ्या थरावरून तिसऱ्यावर उतरली पाहिजे. आपला तिसरा थर ३.३ व्होल्टचा आहे, त्यामुळे परतीच्या प्रवाहाला दुसऱ्या थरातून तिसऱ्यात जायला जवळपासचा एखादा कपॅसिटर शोधावा लागतो. पुढच्या आवृत्तीत मधले दोन्ही थर ग्राउंड करून ३.३ व्होल्ट बाहेरच्या थरांवर रुंद पट्ट्यांनी फिरवावे, असे मी सुचवीन. मग प्रत्येक सिग्नल-व्हायाशेजारी एक ग्राउंड-व्हाया टोचला की काम झाले. पुरवठ्याचे प्लेन (तांब्याचा अखंड थर) ग्राउंडसमोर ठेवले की त्यांचा फुकटचा कपॅसिटर मिळतो, हा आक्षेप आपले डिझायनर घेतील. चार थरांच्या नेहमीच्या बोर्डात त्या दोहोंमध्ये १.२ मिलिमीटरच्या आसपास अंतर असते आणि दर चौरस सेंटिमीटरला ३ पिकोफॅरडांच्या आसपास मिळतात. आपल्या अख्ख्या बोर्डाचे मिळून २५०-३०० पिकोफॅरड झाले. त्यासाठी परतीची वाट तोडणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

प्रश्न : प्रत्येक चिपशेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा, हा नियम आम्ही पाळतो. काही जण त्याच्या जोडीला ०.०१ आणि ०.००१ मायक्रोफॅरडही लावायला सांगतात. मला अजून कुणी समाधानकारक कारण दिलेले नाही. रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) जर नीट ३.३ व्होल्ट देत असेल, तर एवढे कपॅसिटर हवेत कशाला?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : रेग्युलेटर देतो ते त्याच्या स्वतःच्या पायाशी. चिप त्याच्यापासून ५-१० सेंटिमीटर दूर असते आणि मधल्या तांब्याला इंडक्टन्स असतो. बारीक तारेचा किंवा एकट्या ट्रॅकचा इंडक्टन्स ढोबळमानाने सेंटिमीटरला ८ ते १० नॅनोहेन्री धरता येतो. आता चिपच्या आठ पिना एकाच वेळी बदलल्या आणि तिने १ नॅनोसेकंदात १०० मिलिअँपिअर जास्त मागितले असे समजा. १० नॅनोहेन्रीवर, म्हणजे फक्त एक सेंटिमीटर ट्रॅकवर, त्या क्षणी १ व्होल्ट पडतो. मीटरवर तुम्हाला हे कधीच दिसणार नाही, कारण मीटर सरासरी दाखवतो. चिपला मात्र तेवढा क्षण ३.३ ऐवजी २.३ व्होल्ट मिळाले. तेव्हा चिपच्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवावा तसा हा कपॅसिटर असतो. विहीर कितीही भरलेली असली तरी रात्री घोटभर पाण्यासाठी तिथवर जायला वेळ नसतो.

म्हणूनच कपॅसिटरच्या आकड्यापेक्षा त्याच्या वाटेचा इंडक्टन्स मोलाचा ठरतो. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर उत्तम रीतीने, १ नॅनोहेन्रीत, बसवला तर तो १६ मेगाहर्ट्झपर्यंत कपॅसिटर राहतो. त्यापुढे त्याचा इंडक्टन्स वरचढ होतो. तोच ३ नॅनोहेन्रीत बसवला तर ही सीमा ९ मेगाहर्ट्झवर येते. तुम्ही पाठवलेला बोर्ड मी दिव्याखाली तिरका धरून पाहिला. मुख्य चिपचा कपॅसिटर पुरवठ्याच्या पिनपासून २ मिलिमीटरवर आहे, तेथे नाव ठेवायला जागा नाही. पण त्याच्या ग्राउंडच्या टोकापासून एक बारीक शेपटी निघते, दोन रेझिस्टरांमधून वाट काढते आणि १४ मिलिमीटर दूरच्या व्हायात जाऊन ग्राउंडला भेटते. म्हणजे जाण्याची वाट २ मिलिमीटर आणि येण्याची १४. ती शेपटी कापून टोकाच्या पॅडला लागूनच व्हाया घ्या, जमल्यास दोन घ्या. ०.०१ आणि ०.००१ची जोड देऊन जो लाभ होणार नाही तो एवढ्याने होईल.

त्या जोडीविषयी माझे मत प्रतिकूल आहे. पाय असलेल्या जुन्या कपॅसिटरांच्या काळात लहान किमतीचा कपॅसिटर आकारानेही लहान आणि म्हणून कमी इंडक्टन्सचा असे. आज तिन्ही किमती एकाच ०४०२ आकारात मिळतात आणि तिघांचा इंडक्टन्स सारखाच असतो, त्यामुळे लहान किमतीने पदरात फारसे काही पडत नाही. उलट मोठ्याचा इंडक्टन्स आणि लहानाची धारकता यांची परस्परांत जुगलबंदी होऊन मधल्याच एखाद्या फ्रिक्वेन्सीला पुरवठ्याचा इम्पिडन्स उसळी घेतो. एकाच किमतीचे चार कपॅसिटर चार बाजूंना लावणे अधिक शहाणपणाचे.

आणखी एका फसवणुकीबद्दल सांगायला हवे. एक्स५आर जातीच्या सिरॅमिक कपॅसिटरवर डीसी व्होल्टेज चढले की त्याची धारकता घटते. ०४०२ आकाराचा १० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्टचा कपॅसिटर ५ व्होल्टवर लावला तर प्रत्यक्षात निम्म्याहून कमी उरणे अगदी नेहमीचे आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत खोक्यातून सुटे कपॅसिटर घेताना तर जात आणि व्होल्टेज दोन्ही कळत नाहीत. पुरवठ्याच्या कामासाठी निर्मात्याचा आलेख पाहूनच माल घ्यावा, आणि शक्य तेथे एक आकार मोठा घ्यावा.

प्रश्न : आमच्या उपकरणाला १२ व्होल्टचा साधा अडॅप्टर लागतो. आतला रेग्युलेटर १८ व्होल्टपर्यंत सहन करतो. तरीही ग्राहकाने अडॅप्टर आधी भिंतीला लावून मग पिन उपकरणात खुपसली, की महिन्याला दोन-तीन रेग्युलेटर जळतात. उलट क्रमाने लावल्यास कधीच जळत नाही. पूर्वीच्या मॉडेलमध्ये हे होत नव्हते. त्यात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर होता, तो काढून आम्ही २२ मायक्रोफॅरडचा चांगला सिरॅमिक बसवला आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ‘चांगला’ हाच येथे शत्रू झाला आहे. अडॅप्टरच्या दीड मीटर वायरीचा इंडक्टन्स १ मायक्रोहेन्रीच्या घरात असतो. वायर आधीच १२ व्होल्टवर असलेली आणि समोर रिकामा, जवळजवळ शून्य रोधाचा सिरॅमिक कपॅसिटर : पिन टेकताच प्रवाह मुसंडी मारतो, कपॅसिटर १२ व्होल्टला भरला तरी वायरीतला प्रवाह थांबत नाही, आणि व्होल्टेज दुपटीच्या जवळ, म्हणजे २४ व्होल्टकडे जाते. उलट क्रमाने लावल्यावर अडॅप्टर स्वतःच सावकाश चढतो, म्हणून काही होत नाही. जुन्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये जो अंतर्गत रोध होता, तो दोष समजून तुम्ही काढलात. वास्तविक तो गाडीच्या शॉक अॅबसॉर्बरसारखा हेलकावे जिरवत होता. सिरॅमिक राहू द्या, त्याच्या बाजूला १०० मायक्रोफॅरडचा, २५ किंवा ३५ व्होल्टचा साधा इलेक्ट्रोलिटिक परत आणा. दोन-तीन दशांश ओहमचा अंतर्गत रोध येथे हवाच आहे, त्यामुळे महागडा ‘लो ईएसआर’ (कमी अंतर्गत रोधाचा) प्रकार घेऊ नका. बाहेरून येणाऱ्या धक्क्यांसाठी एखादा टीव्हीएस (जादा व्होल्टेज दाबणारा) डायोडही लावावा, पण तो इलेक्ट्रोलिटिकचा पर्याय म्हणून नव्हे.

प्रश्न : मी १०० मेगाहर्ट्झचा ऑसिलोस्कोप घेतला. ज्या बोर्डावर बघतो त्या बोर्डाच्या पुरवठ्यावर तेच बारीक, १२० मेगाहर्ट्झच्या आसपासचे कंप दिसतात. एवढे सगळे बोर्ड वाईट कसे?
— एक दुरुस्ती-व्यावसायिक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बोर्ड वाईट नाहीत. प्रोबची पिन ज्या ग्राउंडच्या बिंदूवर तिची मगर-क्लिप लावली आहे त्याच बिंदूवर टेकवून पाहा. तेथे सपाट रेघ यायला हवी. कंप तरीही दिसले तर ते प्रोबचे आहेत. प्रोबच्या १५ सेंटिमीटरच्या काळ्या वायरीचा १५० नॅनोहेन्री इंडक्टन्स आणि टोकाचे १२ पिकोफॅरड मिळून साधारण १२० मेगाहर्ट्झलाच थरथरतात, आणि त्यांना चाळवायला बोर्डावरची कुठलीही खडी कड पुरते. प्रोबचे टोपण आणि मगर-क्लिप काढा, डब्यात पडून असलेली छोटी स्प्रिंग गळ्यात अडकवा आणि कपॅसिटरच्या दोन टोकांवरच थेट मोजा. परतीची वाट मोजतानाही आखूड लागते.

प्रश्न : शाळेच्या प्रयोगशाळेत रास्पबेरी पाय हा एका बोर्डावरचा छोटा संगणक वापरतो. पडद्याच्या कोपऱ्यात सारखे विजेचे चिन्ह येते. चार्जरवर ५ व्होल्ट, ३ अँपिअर असे स्पष्ट छापले आहे.
— एक शिक्षक, कुडाळ

उत्तर : चार्जरवर छापलेले खरे असेलही, पण वायरीवर काय छापले आहे? पुरवठा ४.६३ व्होल्टच्या आसपास उतरला की ते चिन्ह येते. स्वस्त यूएसबी वायरीत पुरवठ्यासाठीही बऱ्याचदा २८ गेजची तार असते. तिचा रोध मीटरला ०.२१ ओहम, जाऊन-येऊन ०.४३. दीड अँपिअरला वायरीतच ०.६ व्होल्टहून अधिक गळतो आणि पायच्या हातात ४.४ देखील उरत नाही. २४ गेजची वायर घेतली तर पाव व्होल्टच जातो. अधिकृत अडॅप्टर ५ ऐवजी ५.१ व्होल्टचा असतो तो उगाच नव्हे.

प्रश्न : आमच्याकडे सर्व ट्रॅक एकमेकांशी ०.१ मिलिमीटरपर्यंत जुळवण्याचा नियम आहे, अगदी १० मेगाहर्ट्झच्या एसपीआयलाही. नागमोडी ट्रॅकांनी अर्धा बोर्ड भरतो. हे खरोखर आवश्यक आहे काय?
— एक मराठी अभियंता, बंगळूर

उत्तर : १० मेगाहर्ट्झच्या सिग्नलचा एक फेरा १०० नॅनोसेकंदांचा असतो, तेवढ्या वेळात सिग्नल १५ मीटर जातो. पंधरा मीटरांमागे दशांश मिलिमीटर जुळवणे म्हणजे गावची शीव केसाने मोजणे. डीडीआर४-३२०० मेमरीत मात्र एका बिटाला ३१२.५ पिकोसेकंदच मिळतात, आणि एक मिलिमीटर ट्रॅकला ६-७ पिकोसेकंद लागतात. तेथे एका बाइटच्या आठ रेषा आणि त्यांचा स्ट्रोब (त्या रेषा केव्हा वाचायच्या हे सांगणारा सिग्नल) एकमेकांत जुळवावेच लागतात. ५ मिलिमीटरचा फरक दशांश बिट खाऊन टाकतो. पण वेगवेगळ्या बाइटांनी एकमेकांशी तितके जुळण्याची गरज नसते, कारण कंट्रोलर प्रत्येक बाइटची वेळ स्वतंत्रपणे लावून घेतो. यूएसबी किंवा इथरनेटच्या जोडीतही जुळवायचे ते जोडीतल्या दोन ट्रॅकांना. नागमोडी वळणे फार दाटीने घातली तर सिग्नल वळणावरून वळणावर उडी मारतो आणि आखलेल्या लांबीइतका वेळ घेतच नाही, त्यामुळे वळणांमधली फट निदान ट्रॅकच्या ग्राउंडपासूनच्या उंचीच्या तिप्पट ठेवावी. मोकळ्या झालेल्या अर्ध्या बोर्डावर ग्राउंड अखंड करता येते का, हे पाहा. तो खरा लाभ.

प्रश्न : मी निवृत्त विद्युत अभियंता आहे. सिग्नल आणि वीजपुरवठा यांचा असा एकत्र विचार अलीकडचाच, की पूर्वीही कुणी केला होता?
— एक ज्येष्ठ वाचक, ठाणे

उत्तर : एक ठळक उदाहरण १९७६ सालच्या क्रे-१ या महासंगणकाचे आहे. त्याचा क्लॉक ८० मेगाहर्ट्झ होता, म्हणजे एका फेऱ्याला १२.५ नॅनोसेकंद, आणि यंत्र माणसाहून उंच. सीमोर क्रे यांनी ते वरून पाहता इंग्रजी ‘सी’च्या आकाराचे रचले, म्हणजे आतल्या बाजूने तारा आखूड राहतील. घटकांमधली प्रत्येक तार ही पीळ दिलेली जोडी होती आणि सिग्नल नेमक्या वेळी पोहोचावा म्हणून ती ठरावीक लांबीची कापलेली असे. जोडीतल्या एका तारेवर सिग्नल चढला की दुसरीवर तेवढाच उतरे, म्हणजे परतीची वाट पिळातच बांधलेली. याचा परिणाम पुरवठ्यावरही झाला : यंत्र काहीही मोजत असो, एकूण प्रवाह जवळपास तेवढाच राही, आणि आपल्या यंत्राला रेग्युलेटरचीही गरज नाही असे क्रे अभिमानाने सांगत.

सोलापूरच्या ज्या वाचकांनी वारंवार रीसेट होणाऱ्या बोर्डाचे छायाचित्र पाठवले आहे, त्यांच्या प्रश्नाचे उत्तर या अंकात देता आले नाही. छायाचित्र सुरेख आहे, परंतु ते फक्त वरच्या बाजूचे आहे. कृपया बोर्ड उलटा करून मागच्या बाजूचे पाठवावे.